नोंदीत नसलेला खोका

मी साबणाचा खोका बोलतोय. साबण माझ्यात आता नाही, गेली सत्तावीस वर्षं नाही. पण अंगावर जे छापलं तेच नाव राहतं. माणसांचंही तेच असतं की. एकदा 'मास्तर' झाला की पुढे तो छत्र्या दुरुस्त करायला बसला तरी लोक 'मास्तर, काडी बसवून द्या' असंच म्हणतात.

पुठ्ठ्याचा आहे मी. हातभर लांब, वीतभर उंच, आणि वरून बसणारं वेगळं झाकण. म्हणजे होतं. ते आता माझ्यावर नाही. ते कुठे गेलं, कोणी नेलं आणि का नेलं, हेच सांगायला तोंड उघडलंय. आणि झाकण नसल्यामुळे तोंड आता उघडंच असतं, तेव्हा ऐकून घ्या.

कारखान्यातून निघालो तेव्हा पोटात चोवीस वड्या होत्या आणि अंगावर केस मोकळे सोडलेल्या बाईचं चित्र. पहिला मुक्काम एका कोपऱ्यावरच्या दुकानात. तिथले शेठ शाळेत जेमतेम तिसरीपर्यंत गेलेले, पण गिऱ्हाईक पायरी चढायच्या आत ते काय मागणार हे ओळखायचे. माझी शाळा म्हणाल तर तेच. रोज सकाळी मागच्या फळीवरचा माल पुढे आणायचे आणि पुढचा मागे सारायचे. "दिसेना तो माल मेला," म्हणायचे.

एकदा त्यांच्या मेव्हण्यानं एका बाईंना "लिंबाचा साबण संपला" असं बसल्या जागेवरून सांगितलं. शेठनी बाईंना थांबवलं, स्टुलावर चढले आणि माझ्या मागे पडलेली वडी काढून दिली. बाई गेल्यावर मेव्हण्याला म्हणाले, "हे बघ, 'संपला' म्हणायच्या आधी एकदा शोधायचं. 'नाही' म्हणायच्या आधी दोनदा."

हे वाक्य लक्षात ठेवा. पुढे अशा ठिकाणी राहायला गेलो की तिथे 'नाही' आधी म्हणायचे, आणि शोधायचं असलंच तर अर्ज मागवून.

दुकानासमोर दगडी इमारत होती. वर ग्रंथालय आणि खाली तळघरात दप्तरखाना, म्हणजे जुने कागद, नकाशे, पत्रं, फोटो जपून ठेवायची जागा. वड्या विकून मी रिकामा झालो त्याच दिवशी तिथले बाइंडर दुकानात आले. वाळलेल्या खळीनं बोटं पांढरी झालेली.

"शेठ, एखादा बळकट खोका द्या."

"न्या की. पुस्तकांना अंघोळ घालणार काय?"

"घालणारच आहे. पण तुमच्या साबणानं नाही, माझ्या खळीनं."

खळ म्हणजे पीठ पाण्यात शिजवून केलेला चिकटा. पुस्तक शिवून झालं की पाठीला खळ लावायची आणि पुठ्ठा चढवायचा. आता गंमत अशी, की कसर नावाचा चंदेरी किडा पुस्तकाला लागतो तो खळीसाठी. त्याला बिचाऱ्याला वाचनाची गोडी नाही, पिठाची आहे. म्हणजे बाइंडर पुस्तक जपायला जे लावतो, तेच किड्याचं ताट. बाबांना हे फार लागलं होतं. (त्यांना सगळे बाबाच म्हणत; त्यांची मुलगी, आमची ताई, त्याच खोलीत शिवणीचं काम करायची, तिचं बघून इतर म्हणायला लागले.) किडा शिवणार नाही अशी खळ करायची, असं त्यांनी मनावर घेतलं.

चौदा वर्षं लागली. पिठात काय काय घालायचे, मग रद्दीतून फाडलेल्या एका पट्टीला ती खळ लावायचे, पट्टीवर आकडा टाकायचे आणि किडा लागलेल्या कपाटात ठेवून द्यायचे. माप लिहायला सुरुवातीला कागद वापरला. पण खळ करणाऱ्याच्या टेबलावर कागद टिकतो होय? एक कागद शब्दकोशाच्या पाठीत गेला, दुसरा एका चरित्राच्या पुठ्ठ्याखाली. तेव्हापासून बाबा पेन्सिलीनं माझ्या झाकणावर लिहायला लागले, आतल्या बाजूनं.

"पहिली: दोन महिने. खाल्ली." त्यावर काट. "दुसरी: पाच महिने. कडेनं खाल्ली." काट. असं करत सहा. आणि शेवटी, दोन रेघा ओढून, "सातवी: चार वर्षं. शिवलंही नाही." तिच्या खाली माप, आणि त्याखाली बारीक अक्षरात एक ओळ: "पोरीला शिकवायची. ओलीचे दिवस सरल्यावर."

खळ ते स्वतःच करायचे, पहाटे लवकर येऊन. ताई आली की तयार भांडं तिच्यासमोर. ती विचारायची, "बाबा, आज मी करू का?" तर म्हणायचे, "तू शिवण सांभाळ. ओल जाऊ दे, मग दाखवतो." ओल जायच्या आत बाबाच गेले. घरी, झोपेत, कुणाला काही न सांगता.

ताई घरी होती त्या आठवड्यात दप्तरखान्याची तपासणी निघाली. तेव्हाचे साहेब बाइंडिंगच्या खोलीत आले, मला उघडलं, झाकण पालथं टेबलावर ठेवलं. आत बाबांनी तपासून ठेवलेल्या सात जुन्या पट्ट्या, प्रत्येकीवर आकडा.

"अरे वा! अज्ञात हस्तलिखितांचे तुकडे! इथे उघड्यावर?"

सांगायला खोलीत कोणी नव्हतं. मी तळघरात गेलो. कपाटात सगळे खोके सारखे दिसावेत म्हणून अंगावर पांढरा कागद चिकटवला, केसवाली बाई झाकली गेली, आणि वर आकडा पडला: संकीर्ण ४७.

संकीर्ण म्हणजे काय ते सांगतो. प्रत्येक कचेरीत एक माणूस असतो. जे काम कोणत्याच टेबलाचं नाही ते त्याच्याकडे येतं. तसा मी. जे पुस्तक नाही, पत्र नाही, नकाशा नाही, आणि फेकायची कोणाची छाती नाही, ते माझ्यात.

काय काय नाही आलं! एका थोर वक्त्याची कवळी आली, वरची. खालची दुसऱ्या एका संस्थेकडे आहे, आणि संपूर्ण तोंड कुणाकडे असावं यावर दोन संस्थांचा अकरा वर्षं पत्रव्यवहार चालू आहे. एक नकाशा आला. काढणारा नदी काढायची विसरला, म्हणून समासात त्यानं 'नदी आहे' असं लिहिलंय. एक तबकडी आली, तिच्यात कुणीतरी चार मिनिटं खोकतं आणि शेवटी विचारतं, "चालू आहे का हो?" एका पत्राचं दुसरं पान आलं. पहिल्या पानावर मोठ्या माणसाचं नाव होतं, म्हणून ते 'प्रतिष्ठितांची पत्रे' या कपाटात गेलं. दुसऱ्यावर नुसतं 'मला क्षमा कर, चूक माझीच होती' असं होतं, ते संकीर्ण ठरलं. सगळ्या वस्तू मिळून दोनशे बारा. एकूण एक नोंदवहीत.

मी दुकानात वाढलेला. सुरुवातीला मला त्या जागेची रीतच कळेना. दुकानात जे लोकांना हवं ते पुढे असतं. इथे जे जास्त हवं ते जास्त खोल, जे फारच हवं ते कुलुपात, आणि ज्याच्यासाठी लोक लांबून येतात ते 'सध्या उपलब्ध नाही'. शेठ असते तर पहिल्याच दिवशी स्टूल मागवलं असतं.

पण गिऱ्हाईक यायचं अधूनमधून. एक प्राध्यापक आले. तळघराच्या किल्ल्या ज्यांच्याकडे ते मामा मला घेऊन वाचनाच्या टेबलावर गेले.

"झाकण तिकडे ठेवा हो मामा, त्याचं काही काम नाही," प्राध्यापक म्हणाले, आणि सात पट्ट्यांवर वाकले.

पट्ट्या रद्दीतल्या. एकीवर 'खोकल्यावर खात्रीचा उपाय', दुसरीवर 'हजर राहावे, अन्यथा', तिसरीवर 'फुलकोबीचे बी, उत्तम प्रत'. प्राध्यापकांनी आकड्यांप्रमाणे लावून वाचलं आणि डोळे मिटून बसले. सहा महिन्यांनी त्यांचा लेख आला. त्यात सिद्ध झालं होतं की हे एका अनाम कवीचं सात ओळींचं काव्य आहे; 'अन्यथा' नंतर एकदम 'फुलकोबी' येणं हा माणसाच्या एकटेपणाचा उद्गार आहे; आणि पहिल्या सहा पट्ट्यांची भोकं म्हणजे कवीनं जाणूनबुजून सोडलेलं मौन. कसरीला कळलं असतं तर तिनं मानधन मागितलं असतं.

सातव्या पट्टीला भोक नव्हतं. 'येथे कवी थकलेला दिसतो,' असं प्राध्यापकांनी लिहिलं.

इकडे वरच्या खोलीत ताई एकटीच बाइंडिंग करत होती. बाबांच्या खळीत काय पडतं ते तिला टेबलावरच्या पुड्यांवरून ठाऊक होतं: पीठ, तुरटी, मोरचूद. किती आणि केव्हा, ते ठाऊक नव्हतं. अंदाजानं घालायची. बारा वर्षांत अंदाजाचं फळ दिसायला लागलं. कपाटात बाबांनी शेवटची चार वर्षं बांधलेली पुस्तकं धडधाकट, आणि त्यांच्या शेजारची ताईची जाळीदार.

एक दिवस आताचे साहेब तिला घेऊन तळघराच्या जाळीच्या दारापाशी आले. माणूस वाईट नाही, बरं का. सौजन्यमूर्ती. फक्त नोंदवहीत नसलेल्या गोष्टी त्यांना डोळ्यांनी दिसत नाहीत.

"ताई, मला फार वाईट वाटतं. पण खळ आपण शिजवायची आणि जेवायचं किड्यांनी, असं किती दिवस? महिनाअखेर बाइंडिंग विभाग बंद करायचं ठरलंय. पुढे बाहेरून, यंत्रावर करून घेऊ."

"साहेब, बाबांच्या पुस्तकांना किडा लागला का? एकाला तरी?"

"नाही लागला."

"त्यांचं माप साबणाच्या एका खोक्याच्या झाकणावर लिहिलेलं होतं. मी लांबून बघितलंय त्यांना लिहिताना. तो खोका खाली आणलाय तुमच्या लोकांनी. तीन अर्ज केले मी."

"तिन्ही वाचले. नोंदवही तीनदा तपासली. साबणाचा खोका अशी वस्तू आपल्याकडे नाही."

"अहो, इथे नऊशे खोके आहेत!"

"आहेत ना. पण खोका ही वस्तू नव्हे. ते वस्तू ठेवायचं साधन आहे. नोंद वस्तूंची होते."

"मग मला आत सोडा, मी एकेक झाकण उघडून बघते."

"कर्मचाऱ्यांना आत परवानगी नाही. कागदपत्रांच्या सुरक्षिततेसाठी." साहेबांना खरंच तिची दया आली असावी, कारण ते हळू आवाजात पुढे म्हणाले, "एक करा. अर्जात त्या झाकणाचा क्रमांक लिहा. त्याच दिवशी काढून देतो."

मी तिसऱ्या फळीवर होतो. दारापासून दहा पावलं. जिवाच्या आकांतानं ओरडावंसं वाटलं. पण खोक्याचं तोंड वर असतं, आणि माझ्या तोंडावर नेमकं तेच झाकण.

ताई गेली. किल्ल्या कमरेला अडकवत मामा नुसतेच म्हणाले, "पोरगी हाडाची बाइंडर आहे हो साहेब." साहेब म्हणाले, "त्याचीही नोंद घ्यायला हवी." आणि घेतली नाही.

त्याच महिन्यात नवे खोके आले. साधे नव्हेत, आम्लमुक्त. शंभर वर्षं पिवळे न पडणारे, राखाडी, निर्विकार, एखाद्या उच्चपदस्थासारखे. त्यांचं अनुदान महिनाअखेर वापरलं नाही तर परत जाणार होतं, त्यामुळे इतक्या वर्षांत न दिसलेली चपळाई दिसली. पांढरे हातमोजे घालून चौघं बसले. कवळी उचलली, मऊ पातळ कागदात गुंडाळली, नव्या खोक्यात. नदी विसरलेला नकाशा, नव्या खोक्यात. सात पट्ट्या तर दोघांनी मिळून उचलल्या. दोनशे बारा मोजल्या, दोनशे बारा भरल्या, खाली सही झाली.

आणि मी? माझ्यावर झाकण टाकलं आणि इतर जुन्या खोक्यांबरोबर मागच्या जिन्याखाली फेकून दिलं. हातमोजे न घालता.

चार दिवस तिथे पडून होतो. तेवढ्यात एक उपकार मात्र त्या किड्यांनी केला. माझ्या अंगावरचा पांढरा कागद त्यांनी बारा वर्षं कुरतडत आणला होता. फेकाफेकीत उरलेलाही सोलून निघाला. केसवाली बाई पुन्हा उजेडात आली.

महिन्याचा शेवटचा दिवस. ताई खोली आवरत होती. दाभण, सुया, दोऱ्याची रिळं, घडी दाबायची हाडाची पट्टी, बाबांचं अंगुस्तान. ती धातूची टोपी ती शिवताना सुई टोचू नये म्हणून रोज बोटात घालायची. हे सगळं घरी न्यायला तिला काहीतरी हवं होतं. मामा जिन्याखाली आले, दोन खोके दाबून पाहिले, ते मऊ पडलेले. मग मला दाबलं. मी ताठ उभा राहिलो. आयुष्यात एवढा ताठ कधी राहिलो नव्हतो.

"घे ताई. साबणाचा दिसतोय, पण बळकट आहे."

ताईनं चित्राकडे बघितलं. हातातली रिळं खाली ठेवली. मग झाकण काढलं आणि उलटं केलं.

ती ते घेऊन तडक खिडकीपाशी उजेडात गेली.

"काय गं? झुरळ निघालं की काय आत?" मामा म्हणाले.

तिनं वाचायला सुरुवात केली, आधी मनात, मग मोठ्यानं. "तुरटी, पीठ शिजताना. मोरचूद, खळ पूर्ण गार झाल्यावरच. गरमात घातलं की जोर जातो." इथे तिनं कपाळावर हात मारला, बारा वर्षं ती दोन्ही एकदमच घालत होती. "माप: तुरटी दोन अंगुस्तानं, मोरचूद दीड."

चमचे, वाट्या, झाकणं, सगळ्यांनी मोजून पाहिलं होतं तिनं. आणि माप तिच्याच बोटात होतं.

शेवटची बारीक ओळ तिनं मोठ्यानं वाचली नाही. नुसती त्यावर बोट ठेवून उभी राहिली. मग म्हणाली, "मामा, शेगडी कुठाय?"

"बांधून ठेवली की. आज शेवटचा दिवस ना."

"सोडा."

साहेब निरोप द्यायला आले तेव्हा खोलीत खळीचा वास सुटला होता. ताईनं झाकण पुढे केलं. साहेबांनी वाचलं आणि त्यांचा चेहरा उजळला, पण आपल्याला वाटतं त्या कारणानं नाही.

"हस्ताक्षर! चौदा वर्षांच्या प्रयोगांची नोंद! ताई, हे अमूल्य आहे. हात लावू नका. मामा, हातमोजे आणा! आत्ताच्या आत्ता आम्लमुक्त खोक्यात गेलं पाहिजे."

"खोका खोक्यात ठेवणार, साहेब?"

"खोका नाही. झाकण. मजकूर झाकणावर आहे. खालचा भाग कोरा आहे."

"मग कोरा भाग माझा," ताई म्हणाली. "आणि झाकण उद्या सकाळी देते. आज कामात आहे."

"पण विभाग तर आज..." साहेब बोलता बोलता थांबले. अमूल्य हस्तलिखित ज्या विभागात सापडलं आणि ज्याच्या कामाविषयी आहे, तो विभाग त्याच दिवशी बंद केला असं वर कळवायचं कसं? कोणत्या रकान्यात? त्यांनी फाईल काढली आणि लिहिलं: 'पुढील निर्णय होईपर्यंत स्थगित.' आमच्या इमारतीत राहिलेल्या कोणालाही विचारा, पुढील निर्णय हा अजून कोणी पाहिलेला प्राणी नाही. बाइंडिंग विभाग वाचला म्हणायचा.

दुसऱ्या दिवशी झाकण गेलं. त्याची नोंद मी ऐकली आहे: 'झाकण, पुठ्ठ्याचे, एक. स्थिती चांगली. खोका गहाळ.' बघायचं असेल तर अर्ज करावा लागतो, क्रमांकासह. प्राध्यापक येऊन गेले म्हणे. 'शिवलंही नाही' ही त्यांच्या मते विरहाची ओळ आहे.

याला आता दीड वर्ष झालं. मी ताईच्या टेबलावर असतो, तोंड उघडं, पोटात सुया नि रिळं. अंगावर खळीचे थेंब वाळलेत, केसवाल्या बाईचं एक कानशील पांढरं झालंय. किडा लागलेल्या कपाटात ताईच्या हातच्या खळीची, आठव्या आकड्याची पट्टी ठेवली आहे. ताई दर महिन्याला ती काढून उन्हाकडे धरते. अजून एक भोक नाही. मामा निवृत्त झाले तरी येतात, अंगुस्तान घालून मोरचूद मोजतात आणि प्रत्येक वेळी दीड की दोन हे विचारतात. कोणीही या, बघा, वास घ्या. अर्ज लागत नाही.

तुमच्याही माळ्यावर एखादा खोका असेल. आतलं जपून काढून घ्याल आणि त्याला जिन्याखाली टाकाल, तर टाका, माझं म्हणणं नाही. फक्त टाकण्याआधी झाकण एकदा उलटं करून बघा. शेठ म्हणायचे तसं, दोनदा.

झाकण द्यायच्या आदल्या संध्याकाळी ताईनं सगळं माप पेन्सिलीनं माझ्या तळाशी उतरवून घेतलं. सातही खळी, सहा काटांसकट. खालची बारीक ओळसुद्धा तशीच, 'पोरीला शिकवायची.' आणि तिच्या पुढे, स्वतःच्या अक्षरात, एकच शब्द.

'शिकले.'